कनाल द्यू मिदीकाठी सायकलला टायर कोणते?

दक्षिण फ्रान्समधली तुलूझ ते सेत ही 240 किलोमीटरची कालव्याकाठची वाट जवळजवळ सगळी गाड्यांविना आहे, पण एकसारखी नाही. तुलूझपासून पहिले सुमारे 50 किलोमीटर डांबर. पुढे माती, खडी आणि प्लेन झाडांची (चिनाराच्या जातकुळीतली) वर आलेली मुळं. 28 मिलिमीटरच्या टायरवर सामान लादलं तर मुळावर आपटून ट्यूब रिमपाशी चिमटते, दोन भोकं पडतात. म्हणून निदान 40 मिलिमीटरचे टायर घ्या आणि माती लागली की हवा थोडी कमी करा. पावसानंतर चिखल मडगार्डमध्ये अडकतो. तेव्हा शेजारचा गावरस्ता बरा. 2006पासून रोगामुळे हजारो झाडं तोडावी लागली, त्यामुळे सावली सलग नाही. दोन बाटल्या पाणी हवंच. ‘नॉं पोताब्ल’ (पिण्यायोग्य नाही) लिहिलेल्या नळाचं मात्र पिऊ नका.