लिनक्सवर कॉम्प्युटरचं तापमानच दिसत नाही?

टर्मिनलमध्ये तापमान दाखवणारी 'सेन्सर्स' आज्ञा दिली आणि 'नो सेन्सर्स फाउंड' आलं, तर लगेच मदरबोर्डला दोष देऊ नका. बहुतेक वेळा ड्रायव्हर मॉड्यूल, म्हणजे सेन्सर वाचणारा कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) तुकडा, चढलेलं नसतं.

आधी एलएम-सेन्सर्स पॅकेज टाका, मग सुडो लावून (म्हणजे अॅडमिनच्या अधिकाराने) 'सेन्सर्स-डिटेक्ट' चालवा. प्रत्येक प्रश्नाला नुसतं एंटर दाबा; मोठ्या अक्षरातलं उत्तर सुरक्षित असतं. धोक्याच्या तपासणीला हौसेने 'येस' म्हणू नका, लॅपटॉपवर तर नकोच. शेवटी मॉड्यूलची नावं मिळतील. प्रोसेसरसाठी इंटेलला 'कोअरटेम्प', एएमडीला 'के१०टेम्प'. बोर्डावरच्या चिपसाठी बहुधा 'एनसीटी६७७५' किंवा 'आयटी८७'. ती 'मॉडप्रोब' आज्ञेने चढवा आणि पुन्हा 'सेन्सर्स' द्या.

बोर्डाचं मॉड्यूल चढेना, तर 'डीमेसेज' आज्ञा देऊन कर्नलचे संदेश वाचा. तिथे एसीपीआय रिसोर्स कॉन्फ्लिक्ट दिसला, तर त्या चिपचे पत्ते बायोसने (बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरने) आपल्याकडे राखलेत. कर्नलला सक्तीने त्या राखणीकडे दुर्लक्ष करायला लावता येतं, पण मग बायोस आणि ड्रायव्हर दोघं एकाच चिपवर हात घालतात. निव्वळ आकडे पाहण्यासाठी तो उपद्व्याप नको. व्हर्च्युअल मशीनमध्ये तर शोधूच नका, तिथे सहसा सेन्सरच नसतो.

आकडे दिसले तरी पारखा. मे महिन्यात म्हापशातल्या बिनएसीच्या खोलीत ३३ अंश असताना बोर्ड २० दाखवत असेल, तर तो आकडा खोटा. उणे १२८ किंवा अधिक १२७ म्हणजे चिपच्या त्या पिनेला बहुधा सेन्सर जोडलेलाच नाही.