पेसमेकर: एक वायर की दोन?

नाडी मिनिटाला 35, चालता चालता अंधारी येते, आणि घरच्यांच्या हाती पेसमेकरच्या, म्हणजे छातीच्या कातडीखाली बसवून वायरीनं हृदयाला ठोके द्यायला लावणाऱ्या बॅटरीच्या डबीच्या, किमतींचा कागद पडतो. आधी ईसीजीत काय निघालं ते विचारा; किती वायर लागतील ते त्यावरच ठरतं.

त्याआधी ठोके मंदावण्याचं कारण दूर होण्यासारखं आहे का, ते बघून घ्या. मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिनच्या गोळ्या, किडनी बिघडून वाढलेलं पोटॅशियम, कमी पडलेलं थायरॉइड यांनीही ठोके मंदावतात. बिट्टीच्या (पिवळ्या कण्हेरीच्या) बिया पोटात गेल्या तरी ब्लॉक होतो, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यातला विजेचा इशारा खालच्या कप्प्यात नीट पोचत नाही. तिथं बहुधा तात्पुरत्या पेसमेकरवर निभावतं.

कायमचं एट्रियल फिब्रिलेशन (वरचा कप्पा नीट न आकुंचता नुसता थरथरणं) असेल तर वरच्या कप्प्यातली वायर निरुपयोगी. सिंगल चेंबर (एक वायरवालं) पुरे, दुसऱ्या वायरचे पैसे घालू नका. पण वरचा कप्पा नीट चालतोय, ब्लॉक पूर्ण आहे आणि माणूस कामाधामाचा आहे, तर ड्युअल (दोन्ही कप्प्यांत एकेक वायर) घ्या. तिथं सिंगल बसवलं की दोन्ही कप्प्यांचा मेळ सुटतो, दम लागतो, मानेत ठोके जाणवतात. मग दुसरं ऑपरेशन करून वायर वाढवावी लागते. स्वस्त म्हणून घेतलेलं महाग पडतं ते असं. सायनस नोडच्या, म्हणजे ठोका जिथून सुरू होतो त्या जागेच्या, आजारातही ड्युअलच बरं. अंथरुणाला खिळलेल्या वयस्कर माणसाला मात्र सिंगल चालतं.

श्रमानुसार वेग वाढवणारं 'आर' मॉडेल, काम करताना ज्यांचे ठोके वाढतच नाहीत त्यांना खरं उपयोगी. एमआरआय चालणारं घेत असाल तर डबी आणि वायर दोन्ही त्याच जोडीच्या हव्यात. एक साधी निघाली की जादा पैसे वाया. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा, 50 टक्क्यांखाली असेल तर साध्या पेसमेकरनं भागेल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पेसमेकर बसतो. रेशन कार्ड, आधार घेऊन ऑपरेशनआधीच आरोग्यमित्राला (हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला) गाठा. मंजुरी आधी लागते. वरचे पैसे मागितले तर कशाचे, ते लेखी घ्या.

सुरुवातीला पेसमेकरचं व्होल्टेज मुद्दाम जास्त ठेवतात. तीनेक महिन्यांनी तपासणीत ते गरजेपुरतं कमी करून घ्या. ही खेप चुकली की बॅटरी लवकर संपते आणि डबी बदलायचा खर्च काही वर्षं आधीच येतो.

बसवलेल्या बाजूचा हात 4 ते 6 आठवडे खांद्याच्या वर नको, ओझंही नको, नाहीतर वायर सरकते. पण हात गळ्यात बांधूनही ठेवू नका, खांदा आखडतो. जखम सुजली, लाल झाली किंवा पाझरली तर गावात सुई घालून पाणी काढू देऊ नका. जिथं बसवला तिथं त्याच दिवशी जा.