मंगल कार्यालयाची यूट्यूबवर जाहिरात कशी करायची (आणि लोक स्किप करतात तेच कसं बरं आहे)

हॉल किंवा लॉन्स चालवणाऱ्या कुणाशीही बोला, एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, "यूट्यूबवर जाहिरात देऊन काय करायचं, सगळे स्किपच करतात की." अहो करू द्या ना! स्किप करणाऱ्याचे पैसे बहुतेक वेळा तुमच्याकडून घेतलेच जात नाहीत, आणि यूट्यूबचा जाहिरातीचा हा सगळा धंदा उभा राहिलाय तो बऱ्यापैकी ह्याच गोष्टीवर.

थोडं मागचं सांगतो. गूगलने २००६ मधे १.६५ अब्ज डॉलरला यूट्यूब घेतलं तेव्हा ह्यातून पैसा येणार कुठून हा प्रश्नच होता. मग २०१० च्या शेवटी ट्रूव्ह्यू नावाने ५ सेकंदांनी सोडून देता येणारी जाहिरात आली. टीव्हीवाला जाहिरात दाखवण्याचे पैसे घेतो, इथे बघितली तरच पैसे. त्यामुळे ज्यांना टीव्ही कधीच परवडला नसता असे छोटे धंदेवाले पण आत आले. २०१९ ला यूट्यूबचं जाहिरातीचं उत्पन्न १५ अब्ज डॉलरच्या आसपास होतं, २०२४ ला ३६ अब्जाच्या वर गेलं. आपल्याकडे २०१६ मधे जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि खेड्यातली आजी पण किर्तनं यूट्यूबवर बघायला लागली, म्हणजे तुमचं गिऱ्हाईक तिथे आहेच.

आता कामाला लागू. उदाहरण म्हणून साताऱ्यातलं ५०० माणसांचं कार्यालय धरू.

पायरी १: व्हिडिओ

नियम नीट समजून घ्या, कारण व्हिडिओ त्यावरच बेतायचाय. स्किप होणाऱ्या जाहिरातीत सीपीव्ही म्हणजे व्ह्यूमागे पैसे असा प्रकार निवडला तर माणसाने ३० सेकंद बघितलं (जाहिरात त्याहून छोटी असेल तर पूर्ण बघितली) किंवा लिंकवर क्लिक केलं तरच पैसे लागतात. म्हणून जाहिरात २० सेकंदाची करू नका, ४०-४५ सेकंदाची करा आणि महत्त्वाचं सगळं पहिल्या २५ सेकंदात सांगून टाका. त्याआधी निघून गेलेल्याने तुमचं नाव फुकट ऐकलं.

पहिली ५ सेकंद तर सोन्याची. तिथे गणपतीचा फोटो, फिरणारा लोगो, "सहर्ष सादर करीत आहे" असलं काही नको. सरळ बोला, "साताऱ्यात लग्न ठरलंय? ५०० माणसांचा हॉल, गाड्या आतच लागतात." ज्याच्या घरात लग्न नाही तो लगेच कटेल, कटू दे, तेच पाहिजे आपल्याला. भाडं कितीपासून ते पण सांगा. हॉलवाले भाडं लपवतात, म्हणतात फोन आला की सांगू, मग दिवसभर नुसत्या चौकशीचे फोन घेत बसतात. आकडा ऐकून ज्याला झेपणार नाही तो फुकटात बाहेर पडतो आणि जो थांबतो त्याचे पैसे द्यायला हरकत नाही.

शूटिंग मोबाईलवर चालतं, आडवं एक आणि शॉर्ट्ससाठी (यूट्यूबचे छोटे उभे व्हिडिओ) उभं एक. रिकामा हॉल भकास दिसतो, सजावट झालेली असताना करा, पण ज्यांचं लग्न आहे त्यांची परवानगी घ्या. स्टेज कमी, पार्किंग, वधूपक्षाच्या खोल्या, जेवणाचा हॉल आणि बाथरूम जास्त दाखवा, मुलीची आई तेच बघणार आहे. सिनेमाचं गाणं लावू नका, कॉपीराइटचं लचांड मागे लागतं. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत फुकट संगीत आहे, नाहीतर गावातल्या सनईवाल्याला पैसे देऊन दोन मिनिटं रेकॉर्ड करून घ्या.

पायरी २: खातं

यूट्यूब चॅनल काढून व्हिडिओ टाका, गूगल ॲड्सचं (जाहिराती इथूनच लावायच्या) खातं उघडा, दोन्ही जोडा. ओळखीची कागदपत्रं मागतील ती द्या. बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो, नंबर असेल तर टाका, बाकी सीएला विचारा.

पायरी ३: कुणाला दाखवायची

इथेच जास्त पैसे वाया जातात. लोकेशनमधे सातारा टाकलं की आधीपासून निवडलेला पर्याय असतो तो म्हणजे तिथे असलेले किंवा त्या जागेत रस दाखवणारे लोक. आता साताऱ्यात रस कुणाला असतो? कासची फुलं बघायला निघालेल्या, महाबळेश्वरचं हॉटेल शोधणाऱ्या अख्ख्या दुनियेला! तो पर्याय बदलून फक्त तिथे असलेले लोक असा करा. पण मुंबई, नवी मुंबई, पुण्यात राहणारी साताऱ्याची माणसं लग्नं गावाकडे करतात, ती सोडायची नाहीत, त्यांच्यासाठी वेगळं कॅम्पेन (म्हणजे जाहिरातीची वेगळी मोहीम) करा आणि त्यात कस्टम सेगमेंट वापरा, म्हणजे गूगलवर "सातारा मंगल कार्यालय", "मॅरेज हॉल सातारा" असं शोधणारे लोक. हे शब्द इंग्रजी स्पेलिंगमधे पण टाका, टाईप तसंच करतात सगळे. लवकरच लग्न होणार आहे अशांचा तयार गट पण मिळतो. भाषेच्या सेटिंगमधे एकटी मराठी ठेवू नका, बऱ्याच लोकांचे फोन इंग्रजीत असतात.

जाहिरात कुठे दिसली त्याचा रिपोर्ट दर दोनतीन दिवसांनी बघा. बालगीतांचे चॅनल दिसले तर काढून टाका, लहान पोरं स्किप करत नाहीत, जाहिरात पूर्ण चालते आणि बिल तुम्हाला. टीव्हीवर यूट्यूब बघणाऱ्यांना जाहिरात दाखवावी का ह्याबद्दल माझं मत पक्कं नाही, रिमोट हातात नसला की जाहिरात तशीच चालू राहते, पण घरातले सगळे एकत्र बसून बघतात ते पण टीव्हीवरच. आधी चालू ठेवा, आकडे बघून ठरवा.

पायरी ४: बजेट

सुरुवातीला रोजचे ३००-५०० रुपये पुरे. एखाद्या दिवशी दुप्पट पण कापले जातात, घाबरू नका, महिन्याचा हिशोब रोजच्या बजेटच्या साधारण ३० पटीतच बसवतात. शॉर्ट्स आणि फीडमधे (यूट्यूब उघडल्यावर दिसणारी व्हिडिओंची यादी) व्ह्यू मोजायचा नियम वेगळा आहे म्हणून त्याचे आकडे वेगळे बघा, एकात एक मिसळू नका. आणि हजार वेळा दाखवण्यामागे पैसे असा सीपीएमचा पर्याय निवडलात तर वरचं स्किपचं सगळं गणित बाद, तिथे स्किप करणाऱ्याचे पण पैसे लागतात.

पायरी ५: कधी चालवायची

लग्नं तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात पण हॉल त्याच्या कितीतरी आधी बुक होतात, म्हणून कॅम्पेन चातुर्मासात चालवायचं, नेमका हॉल रिकामा असतो तेव्हा. पितृपक्षात मात्र बंद ठेवा, त्या पंधरवड्यात कुणी बोलणी करत नाही.

व्ह्यू किती आले ते बघून खूश व्हायचं नाही. ऑफिसात वही ठेवा, प्रत्येक फोनला विचारा कुठे बघितलंत, आणि शनिवारी वही आणि खर्च समोरासमोर ठेवा, एका बुकिंगमागे किती पडले ते लगेच कळतं. चांगल्या मुहूर्ताच्या तारखा भरल्या की जाहिरात पॉज करा, नाहीतर तारीख शिल्लक नाही एवढंच सांगायला तुम्ही पैसे देत राहाल.