चिपमधली किल्ली सापडत नाहीये? मोजणीतल्या या चुका टाळा

बोर्डावर एईएस (गुप्त किल्ली वापरून माहिती कुलूपबंद करणारी पद्धत) चालू आहे, ऑसिलोस्कोपने चिपच्या वीजवापराचे दहा हजार आलेख, म्हणजे ट्रेस, घेतलेत, स्क्रिप्ट रात्रभर चालली आणि सकाळी बघावं तर किल्लीच्या १६ पैकी एकही बाइट बरोबर नाही. अशा वेळी ‘ही चिप सुरक्षित आहे’ असं अहवालात लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. कृपया तसं लिहू नका. नवख्या प्रयोगात दोष बहुतेक वेळा मोजणीतच निघतो.

चिप किती वीज खेचते हे ती त्या क्षणी कोणते आकडे हाताळतेय त्यावर थोडंसं बदलतं. पॉल कोचर, जोशुआ जाफ आणि बेंजामिन जुन यांनी १९९९ साली या बदलातून किल्ली कशी काढता येते ते दाखवलं. एईएस-१२८ ची पूर्ण किल्ली एकदम चाचपायची तर पर्याय होतात २ चा १२८वा घात. एकेक बाइट सुटा तपासता आला तर १६ गुणिले २५६, म्हणजे ४,०९६ अंदाज पुरतात.

थेट किल्लीमागे धावू नका

आधी ठाऊक असलेली गोष्ट ट्रेसमध्ये सापडते का ते बघा. पाठवलेल्या इनपुटचा पहिला बाइट बायनरीत लिहिला तर त्यात १ हा अंक किती वेळा येतो ते मोजा आणि त्याचा ट्रेसशी सहसंबंध काढा. सॉफ्टवेअर एईएस असेल तर इनपुट वाचला जातो तिथे ठळक शिखर दिसायला हवं. दिसलं नाही, तर पुढचं सगळं विश्लेषण थांबवा. वायरिंग तपासा, ट्रिगर (मोजणी कधी सुरू करायची ते सांगणारा संकेत) तपासा, आणि ट्रेस व इनपुट यांची जोडी एका ओळीने सरकलेली नाही ना, तेही तपासा. ही शेवटची चूक फार साधी आहे, म्हणूनच ती सापडायला दोन-दोन दिवस जातात.

कपॅसिटर आणि शंट

चिपशेजारचे डिकपलिंग कपॅसिटर विजेची चढउतार गुळगुळीत करतात, म्हणजे आपल्याला हवं तेच पुसून टाकतात. ते काढावे लागतात, पण सरसकट नाही. चिपच्या आतल्या व्होल्टेज रेग्युलेटरला लागणारा कपॅसिटर काढलात तर चिप डगमगते. वीजवापर मोजण्यासाठी पुरवठ्याच्या वाटेत बसवलेला शंट रेझिस्टर मोठा घेतला की सिग्नल वाढतो, हे खरं. पण १० ओहमवर १० मिलिअँपिअरचा फरक १०० मिलिव्होल्ट खातो. त्यापुढे वाढवत गेलात तर चिप मधेच रीसेट होऊ लागते.

ट्रेस एकमेकांवर नीट बसत नसतील तर हजारो ट्रेस घेऊनही उपयोग नाही. चिपव्हिस्परर हे अशा मोजणीसाठीचं उपकरण चिपच्याच घड्याळाच्या तालावर नमुने घेतं, त्यामुळे ते कमी वेगातही काम भागवतं. साध्या ऑसिलोस्कोपला बराच जास्त वेग लागतो.

मॉडेल चुकीचं

वीजवापराचा अंदाज बांधणारं मॉडेल म्हणून सॉफ्टवेअर एईएससाठी पहिल्या फेरीतल्या एस-बॉक्सच्या (बाइट बदलून देणाऱ्या तक्त्याच्या) आउटपुटचं हॅमिंग वेट, म्हणजे त्यातल्या १ अंकांची संख्या, चालतं. तेच मॉडेल हार्डवेअर एईएसवर लावलं तर बहुधा काहीच हाती लागत नाही. तिथे रजिस्टरमधली जुनी आणि नवी किंमत यांतला फरक, विशेषतः शेवटच्या फेरीतला, जास्त बोलतो.

जिथे गळती नाही तिथे दिसणं

याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. गळती, म्हणजे हाताळलेल्या आकड्यांचा वीजवापरात उमटणारा ठसा, आहे का हे पाहायला स्थिर इनपुट आणि यादृच्छिक इनपुट यांच्या ट्रेसची टी-चाचणीने (दोन संचांच्या सरासरीतला फरक तपासणाऱ्या संख्याशास्त्रीय चाचणीने) तुलना करतात आणि ४.५ ही मर्यादा धरतात. मी एकदा आधी सगळे स्थिर ट्रेस घेतले, जेवून आल्यावर यादृच्छिक घेतले. आलेख सगळीकडे ४.५ च्या वर! नीट पाहिलं तर एईएस सुरू होण्याआधीच ‘गळती’ दिसत होती. मधल्या वेळात बोर्डाचं तापमान बदललं होतं, एवढंच. दोन्ही प्रकार नाणेफेक केल्यासारखे मिसळूनच घ्यायचे असतात.

ट्रेसमध्ये दहा लाख बिंदू असतील तर निव्वळ योगायोगाने सुमारे सात बिंदू ४.५ ओलांडतात. म्हणून दुसरा संच घ्या आणि शिखर त्याच जागी पुन्हा येतं का बघा. इनपुट वाचण्याचा भाग मात्र वगळा, तिथे फरक दिसणारच. आणि मर्यादा ओलांडली म्हणून किल्ली निघेलच असं नाही, तसंच न ओलांडल्याने चिप निर्दोष ठरत नाही.

प्रमाणपत्र पाहून तपास सोडू नका

सुरक्षा संशोधक थॉमस रोश यांनी २०२४ मध्ये चिप बनवणाऱ्या इन्फिनियन कंपनीच्या क्रिप्टो लायब्ररीत दोष दाखवला. ईसीडीएसए या प्रकारच्या डिजिटल सहीसाठी मॉड्युलर व्यस्त (सहीच्या गणितातली एक पायरी) काढायला लागणारा वेळ गुप्त आकड्यावर अवलंबून होता. १४ वर्षं आणि सुमारे ८० उच्च पातळीची मूल्यमापनं यांतून तो निसटला होता.

काम स्वतःच्या किंवा लेखी परवानगी मिळालेल्या उपकरणावरच करा. परवानगीविना दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरणं आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ खाली येतं. खरा दोष सापडलाच तर आधी उत्पादकाला कळवा. इन्फिनियनच्याच लायब्ररीतला, आरएसए किल्ल्या बनवण्यातला ‘रोका’ हा दोष झेक प्रजासत्ताकातल्या मसारिक विद्यापीठाच्या संशोधकांनी फेब्रुवारी २०१७ मध्ये कंपनीला कळवला आणि ऑक्टोबरपर्यंत तो जाहीर केला नाही. ऑगस्टअखेर इशारा मिळाल्यामुळे एस्टोनियाला हा दोष असलेल्या आपल्या सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांसाठी पर्याय तयार करता आला.