घोड्याची खाज आणि ॲलर्जीची चाचणी: पाऊस सरताना काय करावे

भाद्रपदात पावसाने उघडीप दिली की कोल्हापूर परिसरातल्या घोड्यांची खाज वाढते. पंचगंगेकाठची ओल सुकलेली नसते, उसात वारा खेळत नाही, गोठ्यामागचा उकिरडा भिजून फसफसलेला असतो. अशा ओल्या चिखलात आणि शेणात चावणाऱ्या बारीक चिलटांची पैदास होते. रंकाळ्यावर रपेट देणारे, वरातीचे घोडे पाळणारे, पन्हाळ्यावर पर्यटकांना फिरवणारे आणि बकऱ्यांच्या कळपाबरोबर तट्टू बाळगणारे धनगर, या सगळ्यांचा या दिवसांतला प्रश्न एकच असतो: ॲलर्जीची टेस्ट करून घेऊ का?

करा, पण सगळ्यात शेवटी. रक्ताच्या चाचणीत आयजीई नावाची प्रतिपिंडे मोजतात. घोड्याचे शरीर एखाद्या पदार्थाला ओळखते एवढेच त्यावरून कळते. खाज त्याच पदार्थाने सुटली आहे, असे त्यातून सिद्ध होत नाही. अंगावर एकही पुरळ नसलेल्या धडधाकट घोड्याचा अहवालही दहा-बारा गोष्टींना ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकतो. ॲलर्जी आहे की नाही हे डॉक्टर तपासून आणि इतिहास विचारून ठरवतात. चाचणीचा उपयोग त्यानंतर, काय टाळायचे आणि ॲलर्जी कमी करायला देतात त्या लशीत काय घालायचे हे ठरवायला.

त्याआधी खाजेची साधी कारणे बाजूला काढा. पाठीवर आणि पुठ्ठ्यावर खपल्या धरल्या असतील आणि खपलीबरोबर केसांचा झुपका ब्रशसारखा निघत असेल, तर ती पावसात भिजून होणारी जिवाणूंची लागण असते. गोल चट्टे पडून केस गेले असतील आणि खाज बेताचीच असेल, तर गजकर्णाचा संशय घ्या. तो खराऱ्यातून, खोगिरातून दुसऱ्या घोड्याला जातो आणि माणसालाही होतो. घोडा पाय आपटत असेल, खुरावरच्या केसांत खपल्या असतील तर खरजेचे किडे शोधायला हवेत. कातडी खरवडून आणि केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की यातले बरेचसे कळते. हे काम तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात होते आणि ॲलर्जीच्या पॅनेलच्या (एकाच वेळी अनेक पदार्थ तपासणाऱ्या चाचणीच्या) मानाने खर्च किरकोळ असतो. अंगावर गांधी उठण्याबरोबर ताप येऊन जात असेल, पोटाखाली सूज असेल, घोडा खंगत असेल तर सर्रा या रक्तातल्या परजीवीच्या आजारासाठी रक्त तपासून घ्या.

आणखी एका आजाराकडे काणाडोळा चालणार नाही. पायाच्या किंवा मानेच्या कातडीखाली ओळीने गाठी येऊन त्या फुटत असतील, नाकातून घट्ट स्राव येत असेल तर घोडा वेगळा बांधा, हातमोज्यांशिवाय हात लावू नका आणि सरकारी पशुवैद्यकाला कळवा. शेंबा म्हणजे ग्लँडर्स माणसाला होतो आणि जीवघेणा ठरू शकतो. 2006 मध्ये तो आपल्या राज्यात पुन्हा सापडला होता. 2009 च्या कायद्याने तो कळवणे बंधनकारक आहे. त्याची चाचणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते.

हे सगळे नाही असे ठरले की मग चिलटांकडे वळा. घोड्याच्या ॲलर्जीत सर्वांत जास्त आढळणारे कारण तेच. जागा ठरलेल्या असतात: आयाळीचे मूळ, शेपटीचे मूळ, कान, कपाळ आणि पोटाखालची मधली रेष. घोडा खांबाला मान घासतो, शेपूट घासून तिचा झाडू करतो, पाऊस सुरू झाला की खाज सुरू होते आणि थंडी पडली की थांबते. हा क्रम सलग दोन वर्षे दिसला तर निदान जवळजवळ झालेच समजा. मेंढ्यांना नीलजिव्हा देणारी चिलटेही याच जातकुळीची, म्हणून कळपात तो आजार दिसला की शेजारच्या तट्टाची कातडीही बघा.

सारंगखेड्याच्या बाजारातून मारवाडी किंवा काठेवाडी घोडे आणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. आइसलंडमध्ये ही चिलटे जवळपास नव्हती. तिथून युरोपात नेलेल्या घोड्यांना ही खाज युरोपातच जन्मलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त होते आणि बहुधा पहिला मोसम सुखरूप गेल्यानंतर. कोरड्या मुलखातून आपल्या ओल्या पट्ट्यात आलेल्या जनावराचेही तसेच होऊ शकते, असे मला वाटते. पहिला पावसाळा बिनतक्रार गेला म्हणून निर्धास्त राहू नका.

सध्याचे उपाय असे. चिलटे पहाटे आणि तिन्हीसांजेला सुटतात, म्हणून त्या वेळी घोडा पागेत हवा, पाणवठ्यावर किंवा ओढ्याकाठी नको. त्यांची उडण्याची ताकद कमी असते. एक मोठा पंखा सतत लावला तरी फरक पडतो. साध्या मच्छरदाणीच्या भोकातून चिलट आरपार जाते, जाळी त्याहून बारीक घ्या. शेण रोज लांब टाका. परमेथ्रिन या कीटकनाशकाची फवारणी डॉक्टरांच्या मापाने करता येते, पण फवारलेला घोडा तळ्यात धुऊ नका, मासे मरतात. मांजरालाही ते विषारी आहे.

गाई-म्हशींच्या गोचिडांसाठी आणलेले अमिट्राझ मात्र घोड्याला अजिबात लावू नका. त्याने घोड्याचे आतडे थंडावते आणि पोटशूळ होऊन जीव जाऊ शकतो. आयाळीला जळके ऑइल चोपडायची जुनी खोडही सोडा. त्याने कातडी भाजते आणि डॉक्टरांना मूळ जखम दिसत नाही.

डेक्सासारखे स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले की खाज दोन दिवसांत बसते, त्यामुळे ते मागितले जाते. त्याने काही घोड्यांच्या खुरात आतून सूज येऊन ते कायमचे लंगडतात. शिवाय चाचणी बिघडते. त्वचेतल्या चाचणीआधी स्टेरॉइड काही आठवडे आणि खाजेच्या गोळ्या साधारण एक-दोन आठवडे बंद ठेवाव्या लागतात. नेमके दिवस औषधावरून डॉक्टर सांगतील. काय दिले, कधी दिले याची चिठ्ठी ठेवा.

त्वचेतल्या चाचणीत मानेच्या एका बाजूचे केस कापतात, खुणा करतात आणि प्रत्येक ठिकाणी एकेका संशयित पदार्थाचा थेंबभर अर्क कातडीत टोचतात. एका जागी नुसते सलाइन, एका जागी हमखास फुगवटा आणणारे हिस्टामिन, तुलनेसाठी. घोडा शांत राहावा म्हणून गुंगी देतात. त्यात एसप्रोमाझिन टाळतात, कारण ते फुगवटा दाबते. फुगवटे अर्ध्या तासात बघतात, पुन्हा चार ते सहा तासांनी आणि दुसऱ्या दिवशी. घोड्यांत उशिरा उठणारे फुगवटेही महत्त्वाचे असतात, त्यामुळे एक अख्खा दिवस मोकळा ठेवा. मानेवरचा भादरलेला चौकोन भरून यायला काही आठवडे लागतात. वरातीच्या घोड्याचे हे काम म्हणूनच तुळशीच्या लग्नाच्या बरेच आधी उरकावे. गिऱ्हाईक घोड्याची मान आधी बघते!

रक्त पाठवणार असाल तर दोन गोष्टी विचारा. पॅनेल घोड्यासाठी बनवलेले आहे का, की कुत्र्याचेच वापरतात? आणि त्यात आपल्याकडचे काय आहे? हरळीचे पराग, गाजर गवत, साठवणीतल्या धान्यातले किडे, कडब्यावरची बुरशी यांऐवजी परदेशी झाडांची यादी आली तर त्या अहवालाचे काय करणार? चिलटांचा अर्कही बहुधा परदेशी जातींचा असतो.

खाद्याच्या ॲलर्जीसाठी रक्त तपासून पैसे घालवू नका, ते निकाल भरवशाचे नसतात. त्याऐवजी चंदी (घोड्याचा दाणा) हळूहळू बंद करून सहा ते आठ आठवडे फक्त आधी न खाल्लेल्या जातीचे स्वच्छ गवत आणि साधे मीठ द्या. मग हरभरा, कोंडा, ओट्स एकेक करून परत आणा. ज्याने खाज उलटते ते सोडा. या काळात कोंबड्यांचे किंवा जनावरांचे तयार खाद्य देऊ नका. त्यात मोनेन्सिन हे औषध मिसळलेले असेल तर घोड्याच्या हृदयाला ते विष ठरते.

दसऱ्याच्या साजानंतर झुलीखाली किंवा तंगाखालीच पुरळ उठले, तर आधी झुलीचा रंग, गुलाल, नवा शांपू यांवर संशय घ्या. अचानक तोंड सुजले, श्वास घरघरला तर घरगुती काही करत बसू नका, डॉक्टरांना बोलवा. 1962 हा पशुवैद्यकीय मदतीचा क्रमांक आहे. गुंतागुंतीच्या घोड्यासाठी डॉक्टर महामार्गावरच्या शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाची चिठ्ठी देऊ शकतात.

चाचणीवरून लस बनली तरी ती सगळ्यांना लागू पडत नाही. परागांच्या आणि धुळीच्या ॲलर्जीत तिचा गुण बरा, चिलटांच्या ॲलर्जीत कमी. फरक दिसायला सहा महिने ते वर्ष लागते. दिवाळीच्या सुमारास पहिले इंजेक्शन दिले तर पुढच्या मिरगापर्यंत जेमतेम सात महिने मिळतात. तेव्हा येत्या पावसाळ्यासाठीही पंखा आणि बारीक जाळी काढून ठेवू नका.