उत्तर काढू नका, पुरतंय का ते बघा

मे महिन्यात आमच्या रत्नागिरीच्या क्लासातली निम्मी पोरं बागेत असतात, त्यामुळे माझी डेटा सफिशियन्सीची (उत्तर काढायचं नाही, दिलेली विधानं उत्तराला पुरतात का तेवढंच सांगायचं) गणितंही पेट्यांचीच. हे घ्या.

टेम्पोत हापूसच्या 4 डझनी आणि 5 डझनी पेट्या आहेत. 5 डझनी किती?
विधान 1: एकूण पेट्या 5.
विधान 2: एकूण आंबे 23 डझन.

एक्स, वाय मांडले, दोन समीकरणं दिसली, की पोरं ‘दोन्ही मिळून’वर टिक करून मोकळी! पेपर काढणाऱ्याला तेच हवं असतं. आधी विधान 2 हाताने झाका. नुसत्या 1 वरून काही ठरत नाही. आता 1 झाका, आणि डोक्यातूनही काढा. बहुतेक जण इथेच घसरतात. 23 मधून 5-5 वजा करत जा: 23, 18, 13, 8, 3. यात 4 ने भाग जातो तो फक्त 8 ला. म्हणजे 5 डझनी 3, 4 डझनी 2. अर्धी पेटी कोणी भरत नाही, ही अट प्रश्नात लिहिलेली नसते. विधान 2 एकटं पुरतं.

23 च्या जागी 41 घाला. आता 5 डझनी 1 आणि 4 डझनी 9, किंवा 5 आणि 4, दोन्ही जमतं. इथे मात्र पेट्यांची संख्या लागेलच.

‘एक्स सम आहे का?’ असा प्रश्न असेल तर ठाम ‘नाही’सुद्धा पुरेसं असतं. ‘कधी हो, कधी नाही’ आलं तरच अपुरं. ते तपासायला 0, 1, ऋण संख्या आणि अपूर्णांक घालून बघा. नुसते 2, 3 घालून समाधान मानू नका.

जीमॅटला (एमबीए प्रवेशाची परीक्षा) पाच पर्याय ठरलेल्या क्रमाने येतात, पाठच करा: 1 एकटं पुरतं, 2 एकटं पुरतं, दोन्ही मिळून पुरतात, दोघांपैकी कुठलंही एकटं पुरतं, दोन्ही मिळूनही पुरत नाहीत. विधान 1 एकटं पुरलं तर पहिला किंवा चौथा, नाही पुरलं तर उरलेले तीन. बँकेच्या परीक्षेत हा क्रम गृहीत धरू नका, कधी तीन विधानंही येतात. आणि आयबीपीएसला (बँक भरतीच्या परीक्षा घेणारी संस्था) चुकलं की त्या प्रश्नाच्या मार्कांचा पाव भाग कापला जातो.

जीमॅटच्या डेटा इनसाइट्स या विभागात, जिथे हे प्रश्न येतात, 45 मिनिटांत 20 प्रश्न असतात. कॅल्क्युलेटर मिळतो, पण या प्रकारात त्याला हात लावायची वेळ आली तर बहुधा तुम्ही नको तेवढं सोडवताय. आणि तिथे दोन विधानं एकमेकांना खोटं पाडत नाहीत. एकातून 3 आणि दुसऱ्यातून 4 आलं, तर आकडेमोड परत बघा.