पत्ता बरोबर, आकडे चुकीचे: पायथनमधून फोर्ट्रानला अ‍ॅरे देताना

सिव्हिलची पदवी घेऊन मी नोकरीला लागले आणि पहिलंच काम मिळालं ते जुन्या फोर्ट्रान सॉल्व्हरला, म्हणजे समीकरणं सोडवणाऱ्या प्रोग्रॅमला, पायथन जोडण्याचं. फोर्ट्रान ही भाषा १९५७ साली आयबीएम ७०४ या संगणकासाठी आली, पण लापॅकसारखी गणिती लायब्ररी आजही तिच्यात आहे. त्यामुळे इंजिनिअरिंग सॉफ्टवेअरमध्ये शिरणाऱ्याची तिच्याशी कधी ना कधी गाठ पडतेच.

माझी पहिली चाचणी स्टिफनेस मॅट्रिक्सवर, म्हणजे रचनेचा ताठरपणा मांडणाऱ्या आकड्यांच्या तक्त्यावर होती. उत्तर अचूक आलं. मग खरं मॉडेल चालवलं, तर सरळ बीम वेडीवाकडी दिसायला लागली. एरर नाही, प्रोग्रॅम बंद पडला नाही, नुसतं चुकीचं चित्र. दोन दिवस मी सॉल्व्हरची समीकरणं तपासत बसले होते. शेवटी टीममधल्या सीनियर मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "अगं, तुझी टेस्टची मॅट्रिक्स सिमेट्रिक होती ना?"

होती. स्टिफनेस मॅट्रिक्स आडवी वाचा की उभी, सारखीच असते. नोडच्या, म्हणजे मॉडेलमधल्या बिंदूंच्या, सहनिर्देशकांचं तसं नाही. नमपाय, म्हणजे पायथनची अ‍ॅरे (आकड्यांचे तक्ते) हाताळणारी लायब्ररी, मेमरीत आकडे सहसा सी भाषेप्रमाणे ओळीमागून ओळ मांडतं, फोर्ट्रान स्तंभामागून स्तंभ. मी चार नोड आणि तीन सहनिर्देशकांचा ४×३ अ‍ॅरे सीटाइप्समधून (पायथनमधून दुसऱ्या भाषेतली फंक्शन बोलावायच्या सोयीतून) पाठवला होता, आणि फोर्ट्रानमध्येही तो ४×३ असाच लिहिला होता. त्यामुळे चार नोडचे चार एक्स म्हणून तिने उचलले ते पहिल्या नोडचे एक्स, वाय, झेड आणि दुसऱ्याचा एक्स. फोर्ट्रानमध्ये माप उलटं, ३×४ असं लिहिलं आणि बीम सरळ झाली. कॉपीसुद्धा करावी लागली नाही.

मला तेव्हा कळलेली गोष्ट एवढीच, की भाषेची हद्द ओलांडताना अ‍ॅरे जात नाही, त्याचा मेमरीतला पत्ता जातो. माप, क्रम, प्रकार, मालकी हे सगळं आपण वेगळं सांगायचं असतं.

प्रकाराचा फटका मला त्याच महिन्यात बसला. पायथनमध्ये १, २, ३ असे पूर्णांक लिहिले, तर लिनक्सवर नमपाय ६४ बिटांचा पूर्णांक अ‍ॅरे करतं. फोर्ट्रान तेच बिट दशांश संख्या म्हणून वाचते आणि १ चा होतो ४.९ गुणिले १० चा उणे ३२४ वा घात. स्क्रीनवर सगळीकडे जवळजवळ शून्य दिसलं, तर आधी प्रकार बघा.

साध्या संख्येचंही तेच. फोर्ट्रान एरवी पत्त्याची अपेक्षा करते. तुम्ही थेट १०० दिलेत तर ती १०० क्रमांकाच्या पत्त्यावर वाचायला जाते आणि प्रोग्रॅम तिथेच कोसळतो. फोर्ट्रान २००३ पासून आयएसओ सी बाइंडिंग आहे. त्यात प्रकार जुळवता येतात, 'व्हॅल्यू' लिहून थेट किंमत घेता येते आणि फंक्शनच्या नावामागे कंपायलर जोडतो त्या अंडरस्कोरचीही कटकट संपते. नवीन कोड असेल तर हेच वापरा.

फोर्ट्रान पायथनला जोडून देणारं नमपायचं साधन एफटूपाय सोपं आहे, पण नुसत्या इनपुटसाठी क्रम जुळला नाही तर ते गुपचूप कॉपी करतं. मोठ्या अ‍ॅरेला मेमरी दुप्पट का लागते आहे, याचं उत्तर बरेचदा इथे सापडतं.

आता कुठलंही नवं जोडकाम हाती आलं, की मी आधी २×३ चा अ‍ॅरे पाठवते: ११, १२, १३ आणि खाली २१, २२, २३. पहिला अंक ओळ, दुसरा स्तंभ. पलीकडे छापून बघितलं की काय उलटलं ते लगेच दिसतं. मग त्याच अ‍ॅरेचा पहिला आणि तिसरा स्तंभ कापून पाठवते. तिथे ११, १३, २१, २३ ऐवजी ११, १२, १३, २१ आले, तर तुकड्यातल्या उड्या, म्हणजे मेमरीत मधले कुठले आकडे गाळायचे ते, पलीकडे पोचलेल्या नाहीत. अशा वेळी सलग कॉपी करून द्यावी लागते, आणि फोर्ट्रानने त्यात काही बदललं असेल तर ते मूळ अ‍ॅरेत परत आणायचं काम आपलं.